बातमी आधी तुला

शनिवार, १४ मार्च
वसतिगृह

माझ्या लाडक्या चिमणे,

तुला आणि जावईबापूंना भरभरून आशीर्वाद. तुझा खोकला एव्हाना गेला असेल असं धरून चालते. मी ठणठणीत आहे. गुडघे तेवढे जिन्याशी भांडतात, पण वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरतो, त्याला इलाज नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. सांगायचं खूप साठलंय आणि फोनवर तू सारखी "अगं आई, थांब जरा" म्हणतेस. कागद मध्ये बोलत नाही.

तर आधी अभ्यासाचं. संकटकाळात संस्थेनं लोकांशी कसं बोलावं, या विषयात मी वर्गात पहिली आले. कालपरवा कॉलेजातून निघालेल्या पोरापोरींत, या वयात. संवाद व्यवस्थापनात मास्टर्स करते म्हटल्यावर तू हसली होतीस, "तुला बोलायला आणखी शिकवणार?" म्हणून. पण हे बोलणं वेगळं आहे गं. दवाखान्याच्या चौकशी खिडकीत वीस वर्षं बसून मी नातेवाइकांना "डॉक्टर सांगतील" एवढंच सांगत आले. माणसं काचेपलीकडे तडफडायची आणि मला वाटायचं, कुणीतरी यांना नीट सांगायला हवं. ते नीट सांगणं शिकवणारा एक अख्खा अभ्यासक्रम जगात आहे, हे कळलं तेव्हाच मी नोकरी सोडायचं ठरवलं होतं. तुला वाटलं मी चिडून सोडली. नाही. मला हे हवं होतं.

आमच्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "ज्याला सगळ्यात जास्त झळ बसणार, त्याला सगळ्यात आधी सांगायचं. आणि ते त्यानं दुसऱ्याकडून ऐकायच्या आत." मी वहीत लिहून घेतलं. रेडिओ माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी नाही लिहिलं. म्हणाले, "हे लिहून काय उपयोग, जमायला पाहिजे."

रेडिओ म्हणजे ते, मी फोनवर बोलले होते बघ. आकाशवाणीवर बातम्या वाचून निवृत्त झालेले. वर्गात आम्ही दोघंच पिकल्या केसांचे, म्हणून आपोआप एका बाकावर आलो. त्यांचं लग्न झालेलं नाही, आईचं आजारपण काढता काढता राहूनच गेलं. हे मी उगाच सांगतेय. मूळ गोष्ट पुढे आहे.

या सत्रात आम्हाला शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात काम दिलंय. मी, रेडिओ आणि चष्मिश नावाची एक हुशार मुलगी. (चष्मा डोक्यावर असतो आणि ती तो टेबलाखाली शोधते.) गेल्या आठवड्यापर्यंत आमचं काम म्हणजे तक्रारींची उत्तरं सोप्या भाषेत लिहिणं. मग मंगळवारी दुपारी रस्ता खोदताना कुणीतरी पिण्याच्या पाण्याची लाइन फोडली आणि शेजारच्या गटाराचीसुद्धा. गटाराचं पाणी लाइनीत शिरलं असणार, आणि आम्हाला कळलं तेव्हा खालच्या वस्तीत पाणी सुटून तास होऊन गेला होता.

इंजिनिअर साहेबांनी व्हॉल्व्ह बंद करायला माणसं पाठवली, नमुने तपासायला पाठवले आणि खुर्चीत बसले. म्हणाले, "रिपोर्ट संध्याकाळी येईल. तोपर्यंत कशाला घबराट पसरवायची?"

माणूस वाईट नाही तो. घाबरला होता. मला दवाखान्यातले चेहरे ओळखता येतात.

मी म्हटलं, "साहेब, रिपोर्ट चांगला आला तर लोकांनी एक दिवस उगाच पाणी उकळलं, एवढंच होईल. वाईट आला तर ते विचारतील, तुम्हाला दुपारी माहीत होतं ना?"

"आणि वर मला विचारलं, कुणाच्या परवानगीनं सांगितलं, तर?"

रेडिओ शांतपणे म्हणाले, "तुमच्या नावानं सांगतो. चांगलं नाव होईल तुमचं."

साहेबांनी जीपची किल्ली टेबलावर सरकवली.

मजकूर मी लिहिला. चारच वाक्यं. पाइप फुटला आहे. भरून ठेवलेलं पाणी पिऊ नका, स्वयंपाकालाही वापरू नका. टँकर येतोय, त्याचंही पाणी उकळूनच प्या. तपासणी चालू आहे, नक्की काय ते कळलं की आम्ही स्वतः परत येऊन सांगू. चष्मिशनं शाळा, दवाखाने, खानावळी यांना फोन लावायला घेतले आणि आम्ही दोघं जीपला लाउडस्पीकर बांधून, ड्रायव्हरला घेऊन निघालो.

तू ऐकायला हवं होतंस चिमणे. रेडिओंच्या आवाजानं खिडक्या उघडत होत्या. म्हातारी माणसं दारात येऊन ऐकायची, काहींना आवाज ओळखीचा वाटायचा. पण गल्ल्या अरुंद, धूळ अशी, आणि त्यात दुसऱ्या एका गाडीचा भोंगा. अर्धी वस्ती व्हायच्या आत त्यांचा घसा बसला. माइक माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता तुम्ही."

मी आयुष्यभर काचेमागून बोललेली बाई. पहिल्या वाक्याला माझा आवाज इतका कापला की ड्रायव्हरनं वळून पाहिलं. दुसऱ्या गल्लीत कापायचा थांबला. तिसऱ्या गल्लीत मला मजा यायला लागली, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात एका गॅलरीतून एक मुलगी ओरडली, "मी बाळाला आत्ताच पाजलं पाणी. आता काय होईल त्याला?"

गाडी थांबवून खाली उतरले. वीस वर्षांचं "डॉक्टर सांगतील" अगदी जिभेवर आलं होतं. पण म्हटलं, "काय होईल ते मला माहीत नाही. खोटा धीर देणार नाही. चल, आपण आत्ता त्याला दाखवून आणू." ती तशीच चपला न घालता खाली आली. जीपमधून दवाखान्यात नेलं. बाळ छान आहे, काल मी जाऊन पाहून आले, माझा चष्मा ओढत होतं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. पाणी खराबच होतं. आम्ही शब्द दिल्याप्रमाणे त्याच गल्ल्यांतून परत फिरलो आणि ते सांगितलं. कुणी शिव्या नाही दिल्या. एका आजोबांनी फक्त विचारलं, "परत आलात?" जणू परत येणारं कुणी त्यांनी पाहिलंच नव्हतं. काही लोक आजारी पडले, सगळे सुधारतायत. साहेब म्हणाले, आपण वाट बघत बसलो असतो तर दवाखान्यात जागा उरली नसती. माझ्या प्रबंधाचा विषयही त्यातूनच ठरला: दवाखान्यांनी नातेवाइकांशी कसं बोलावं. बाईंनी एका झटक्यात मंजूर केला.

इथपर्यंत लिहून मी खाली जाऊन चहा पिऊन आले. आता पुढचं.

त्या संध्याकाळी जीपच्या मागच्या फळीवर बसून आम्ही चहा घेत होतो. रेडिओंचा आवाज पार गेला होता, नुसती हवा येत होती. ते म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांच्या बातम्या वाचल्या. आज एक माझी सांगू?"

मी म्हटलं, "वाचा."

"मला तुमच्याबरोबर राहायचंय. रीतसर लग्न करून."

माझा चहा साडीवर सांडला. मग मला हसू आलं, ते थांबेना. ते बिचारे रुमाल पुढे करून बसलेले.

परवा मी हो म्हटलं.

गेल्या महिन्यात तू फोनवर "सारखं रेडिओ रेडिओ काय गं" म्हणालीस, हसलीस आणि मग गप्प झालीस. मी पटकन परीक्षेचं काढलं. ती शांतता मला अजून ऐकू येते. म्हणून हे पत्र. फोनवर तू गप्प झालीस की मी वाक्य बदलते, हे मला माहीत आहे.

तुझे बाबा गेल्यावर मी कुणाची वाट बघत नव्हते. ते माझ्यात जिथे आहेत तिथेच आहेत, ती जागा कुणी मागितलेली नाही. रेडिओंनी उलट त्यांच्याबद्दल खूप विचारलं. मी सांगत बसले आणि बऱ्याच वर्षांनी मला ते आजारी नसतानाचे आठवले, सायकलवर तुला पुढे बसवून निघालेले. पण चिमणे, मला सकाळी उठून कुणाला तरी काहीतरी सांगावंसं वाटतं, आणि तो माणूस शेजारच्याच बाकावर बसलेला आहे. मला फार आनंद झालाय. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तुझ्या सासूबाईंना, मामाला, शेजाऱ्यांना कळेलच. पण झळ पहिली तुला. म्हणून पहिली तू.

राग आला तर राग लिही. रडू आलं तर फोन कर, मी मध्ये बोलणार नाही. रेडिओ तुला भेटायला यायला घाबरतायत, मी त्यांना सांगितलंय, घाबरायलाच हवं.

तुझं उत्तर येईपर्यंत दुसऱ्या कुणाला काही न सांगणारी, पण उत्तर काहीही आलं तरी आपल्या "हो"वर ठाम असलेली,

तुझी आई