बाबांच्या गाडीला पिकअप नाही

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. हल्ली सुट्टी मिळाली की मी गाडीखाली आडवा असतो, त्यामुळे आठही अंगं आठ दिशांना दुखतात. जेवढी वाकली तेवढ्यांचा नमस्कार गोड मानून घे.) तुझी टाच आता कशी आहे? गरम पाण्यात पाय बुडवून बसतेस ना, की नुसतं फोनवर आईला ‘हो हो’ म्हणतेस? भाऊजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. थांबला नसेल तर त्यांना म्हणावं, दुसऱ्यांच्या गाड्यांवर सल्ले देताना जरा श्वास घेत जा. त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. आम्ही सगळे इकडे मजेत आहोत. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण मी तुला फोन लावला की आई शेजारी येऊन बसते आणि बाबा उलटं वर्तमानपत्र वाचायला लागतात, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

विषय बाबांच्या गाडीचा. तुला ती आठवतेच. चार दारांची, रंगाने राखाडी, बाहेरून बघितली तर हेडक्लार्कची वाटावी इतकी सभ्य, आणि पाय ठेवला की सुसाट. त्या गाडीतून तू परीक्षेला नेहमी वेळेआधी पोचायचीस आणि उतरल्यावर बराच वेळ तुला प्रश्नपत्रिकेतलं अक्षर स्थिर दिसायचं नाही. तर त्या गाडीचा खालचा जोर गेला. सिग्नल सुटला की बाबा पाय दाबतात, इंजिन ‘आलो आलो’ म्हणतं आणि येत मात्र नाही. मागचे लोक हॉर्न वाजवतात. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांच्या वर गेला की मात्र जुनी गाडी अंगात येते आणि पुढच्या सिग्नलपर्यंत झकास पळते. तिथे पुन्हा तेच. आता तू म्हणशील, म्हातारी झाली गाडी, एवढं काय त्यात! मीही तेच म्हणालो होतो. पण एके दिवशी चहा पिताना बाबा कप खाली ठेवून म्हणाले की गाडीला काही झालेलं नाही, माझ्या उजव्या पायातलाच जोर गेलाय. आणि गाडी विकायची असं ठरवूनही टाकलं. त्यानंतर ते सकाळपासून खिडकीशी चपला घालून बसायचे आणि कुठे जायचे नाहीत. ताई, आपल्या बाबांना असं चपला घालून नुसतं बसलेलं तू पाहिलं असतंस तर तूही पाना घेऊन गाडीखाली शिरली असतीस.

मी मनाशी पैज मारली की दोष गाडीतच आहे आणि तो मी शोधणार. (तुझी भावजय म्हणाली, तुम्हाला घरातला गळका नळ सापडत नाही. मी दुर्लक्ष केलं. नळ अजून गळतो आहे.) माझी पद्धत दुकानातलीच. आमच्या चष्म्यांच्या धंद्यात एका वेळी एकच भिंग बदलायचं आणि गिऱ्हाइकाला विचारायचं, आता बरं की आधी बरं? तसंच गाडीत एका वेळी एकच वस्तू बदलायची, बाबांना कोपऱ्यापर्यंत चक्कर मारायला लावायची आणि विचारायचं. बाबा प्रत्येक वेळी समोर बघत म्हणायचे, सारखंच. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून मला कळायला हवं होतं, की जो माणूस विचार न करता ‘सारखंच’ म्हणतो तो तक्त्याकडे बघतच नसतो. पण घरच्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत अक्कल गहाण पडते.

माझ्या मदतीला आपला डॉक्टर होता. म्हणजे गॅरेजवाला. तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात आणि त्याला ते आवडतं. माणूस हुशार आहे, पण त्याला साधा प्रश्न विचारायची सोय नाही. हॉर्न का वाजत नाही म्हटलं तर तो विजेच्या शोधापासून सुरुवात करतो. अर्ध्यात सगळे पळतात. तर डॉक्टरने आधी प्लग बदलले. सारखंच. मग एअर फिल्टर. सारखंच. मग हवेचा सेन्सर फवारे मारून धुतला, थ्रॉटलवरची काजळी मी स्वतः टूथब्रशने घासली. (तो टूथब्रश कुणाचा होता हा घरात वेगळा वाद आहे.) मग गाडीला कॉम्प्युटर जोडला. कॉम्प्युटर म्हणाला, काहीही बिघाड नाही. डॉक्टर म्हणाला, कॉम्प्युटर बिघडलाय. मग क्लच घसरतोय का ते बघितलं, नव्हता घसरत. ब्रेक धरून राहतायत का म्हणून चारही चाकं उचलून हाताने फिरवली, ती सुद्धा छान फिरली. एवढ्यात भाऊजींचा फोन आला की डिकीतलं ओझं काढा. काढलं. त्यात दोन स्टेपन्या, तीन छत्र्या, तुझी लहानपणची स्केटिंगची चाकांची एक चप्पल आणि अर्धं पोतं वाळू निघाली. वाळू कशाला, तर बाबा म्हणाले, असावी. ओझं काढल्यावर गाडीचा मागचा भाग असा वर आला की ती उभ्या उभ्या वाकून काहीतरी शोधत्येय असं वाटायला लागलं. पिकअप सारखंच.

आणि रविवारी घेणारा येणार होता. शनिवारी दुपारी बाबा अंगणात गाडी धूत होते. स्वतः. मी म्हटलं मी धुतो, तर नको म्हणाले. आरसे पुसून झाल्यावर त्यांनी दाराची मूठ पुन्हा पुन्हा पुसली, स्वच्छ असतानाही. मला भरून आलं. मी आत जाऊन तोंड धुतलं आणि बाहेर येऊन, आता बदलायला काहीच उरलेलं नसल्यामुळे, बॉनेट उघडून नुसता हात फिरवत बसलो. दुकानात चष्म्याची काडी कुठे चिरलीय ते डोळ्याला दिसत नाही तेव्हा मी बोटाने बघतो, तसा.

इथे जरा लक्ष देऊन वाच. इंजिनात हवा जायला दोन वाटा असतात, एक लांबची, एक जवळची. इंजिन हळू फिरत असताना हवा लांबच्या वाटेने गेली की जोर मिळतो. वेगात असलं की जवळची वाट बरी. हवा कुठून पाठवायची ते एक झडप ठरवते आणि त्या झडपेला एक करंगळीएवढी रबरी नळी ओढून धरते. ती नळी बंद झाली तर लांबची वाट मिळतच नाही. म्हणजे खालचा जोर गायब, वरचा शाबूत, आणि कॉम्प्युटरला पत्ता नाही. तर इंजिनाच्या मागे, अगदी भिंतीकडच्या बाजूला, माझ्या बोटांना ती नळी लागली. ती दुमडून जुन्या सुती चिंधीने बांधलेली होती. आणि ताई, गाठीला एक फास ठेवलेला होता, टोक ओढलं की सुटणारा. डाळीच्या पिशवीला, माझ्या शाळेच्या डब्याला, तुझ्या वेणीच्या रिबिनीला जगात एकच बाई अशी गाठ मारते.

आई आत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी काळे हात घेऊन दारात उभा राहिलो. तिने माझ्या हातांकडे बघितलं आणि विचारलं, सापडली का? जणू काही कात्री. मग सगळं बाहेर आलं. डॉक्टर एकदा गाडी घरी दुरुस्त करत असताना तिने सहज विचारलं होतं की हिला सुरुवातीला एवढा जोर येतो कुठून. डॉक्टरने पेट्रोलच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली आणि आई शेवटपर्यंत ऐकत बसली. (त्याचं व्याख्यान शेवटपर्यंत ऐकलेली ती पहिलीच. त्याला हे आठवतही नाही आणि त्या नळ्या कधी बिघडत नाहीत म्हणून तिकडे तो बघतही नाही.) बाबा सिग्नलवर पोराटोरांच्या गाड्यांशी शर्यत लावतात आणि तिला जीव मुठीत धरून बसावं लागतं. मी म्हटलं, अगं मग सरळ सांगायचंस! तर म्हणाली, “त्यांना मी काही सांगितलं की ते अर्ध्यात थांबत नाहीत रे. हळू चालवा म्हटलं असतं तर गाडीच सोडली असती. म्हणून म्हटलं, नुसता पहिला जोर काढावा, बाकी त्यांची त्यांना राहू दे.” मी तिला पायाचं खरं खरं सांगितलं. बाबा घरात पाय पाय करतात ते तिला गुडघ्याचं वाटलं होतं. ती घडी केलेल्या कपड्यांवरच बसली. मग उठली, माझ्यामागे अंगणात आली, आणि मी नळीला हात लावणार तर म्हणाली, सरक, तुला जमायचं नाही. टोक ओढलं. सुटली.

गाठीचं बाबांना कधीही कळू द्यायचं नाही असं आईने माझ्याकडून वचन घेतलं, म्हणून त्यांना आम्ही एवढंच सांगितलं की एक नळी दुमडून बसली होती. हे शंभर टक्के खरं आहे. ते म्हणाले, “असं होय!” आईने सगळ्यांसमोर बजावलं की गाडी विकायची नाही. बाबांनी घेणाऱ्याला फोन करून नाही म्हणून कळवलं. संध्याकाळी मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला या निदानाची कथा (आईचं नाव गाळून) ऐकवली. तेव्हा सर्व कुशल आहे, काळजी नसावी. टाचेला जप. भाऊजींना नमस्कार, मुलांना पापे.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र टपालात टाकायचं राहिलं ते बरंच झालं. रविवारी बाबा आईला घेऊन चक्कर मारायला निघाले, मी मागे बसलो. सिग्नल सुटला. गाडी ‘आलो आलो’ म्हणाली आणि आली नाही. मागून हॉर्न. घरी येऊन मी बॉनेट उघडलं, नळी जागेवर, ठणठणीत. मग बाबा आंघोळीला गेलेले बघून मी एकटाच गाडी घेऊन निघालो आणि फाटकातून असा सुटलो की समोरच्यांच्या कुंपणाने मला थांबवलं. (कुंपण किरकोळच वाकलंय.) म्हणजे गाडीत दोष नाही.

ता. क. चा ता. क. मग गिऱ्हाइकालाच विचारणं भाग होतं. बाबा म्हणाले, दार लावून घे. म्हणाले, ती गाठ मला पहिल्याच आठवड्यात दिसली होती. मी ऑइल बघतो तेव्हा सगळीकडे बघतो. मी विचारलं, मग सोडली का नाही? तर म्हणाले, “बांधलीय तिने, मी कशी सोडू? अरे, बाजूला बसली की ती दाराचं हँडल धरून बसते. एवढी वर्षं मला वाटत होतं तिला तसंच बसायला आवडतं.” मग म्हणे विचार केला, गाडीच काढून टाकावी. तिच्यासाठी काढतोय म्हटलं तर तिने काढू दिली नसती, म्हणून पायाचं नाव घेतलं. पाय उत्तम आहे. तो त्यांनी स्वतःच आवरून धरलाय आणि आईला यातलं अक्षरही कळता कामा नये म्हणून माझ्याकडून वचन घेतलं. ताई, मी तुला सांगतोय ते वचनात बसत नाही, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप येणार नव्हती.

शेवटचा ता. क. हाच खरा मुद्दा, बाकीचं वाचलं नाहीस तरी चालेल. आज सकाळी आई दुकानात आली. म्हणाली, गाडी अजून उठत नाही, ह्यांना परत वाटतंय पायच गेला, बोलत नाहीत एवढंच. रविवारपासून ती हँडल धरत नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसते, बाबांना मोकळेपणाने चालवता यावं म्हणून. बाबांची नजर रस्त्यावर, त्यांना ते दिसतच नाही. दोघांचीही वचनं माझ्या गळ्यात आहेत. तू मोठी आहेस, तुझ्याकडून कुणी काही वचन घेतलेलं नाही. तेव्हा दोघांपैकी कुणाशी बोलायचं ते तू ठरव, पण लवकर ठरव. आई माझ्या दुकानातून परस्पर डॉक्टरकडे गेली, आणि येत्या सोमवारी तो इंजिन खाली उतरवतोय.