परिसरातील तिन्ही खडक

चि. रत्नदीप यास सखाकाकाचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

सूनबाईचे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत उत्तम. तुझी काकी म्हणते, डोकं सोडून बाकी उत्तम. तेही कळवतो, म्हणजे तिला वेगळं पत्र नको. तुझ्या बंद घराला कालच झाडू मारला. घर ठीक आहे (ओट्याबद्दल खाली लिहितो).

तर आपली स्नेहल (माझी नात) गावच्या शाळेत भूगोल शिकवते, नोकरी अजून कायम नाही. तिला वरून कागद आला, 'अध्ययन निष्पत्ती', म्हणजे पोरांना शेवटी काय यायला हवं त्याची यादी. त्यात होतं: विद्यार्थी परिसरातील अग्निजन्य, स्तरित व रूपांतरित खडक गोळा करतो. सोमवारी साहेब तपासायला येणार. पोरांनी सगळा ओढा पालथा घातला, जो तो दगड अग्निजन्य. दुसरा येणार कुठून? भिवपुरीपासून खालापुरापर्यंत मी एकेचाळीस विहिरी खोदल्या (शाळा चौथी, बाकीचं शिक्षण विहिरीच्या तळाशी). वर मुरूम, खाली काळा पाषाण, त्याखाली पाणी नाहीतर मालकाच्या शिव्या. पण पोरगी रडवेली झाली. पेटी रिकामी दिसली तर शेरा तिच्यावरच यायचा. मी म्हटलं, डोंगर चुकलेला नाही, कागद चुकलाय. आणि पेटी भरून दिली.

सोमवारी मीही वर्गात मागे जाऊन बसलो. साहेबांनी पेटीतला एक तुकडा उचलला. एका बाजूने गुळगुळीत. हा ओढ्यात मिळाला का, म्हणाले. स्नेहलने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. तेवढ्यात सातवीतली पौर्णिमा उठली.

"नाय साहेब. तो कडप्पा, थरांचा दगड, रत्नदीपकाकांच्या ओट्याचा. आमच्या ओढ्यात नुसता लाव्ह्याचा काळा दगड हाय. त्यातली भोकं वाफेची."

मग मी उभा राहिलो. "साहेब, पोरीला पायाखालचं कळतंय. निष्पत्ती बदला. डोंगर आमी बदलणार नाय."

त्यांनी चांगला शेरा दिला रे! लांबचे नमुनेही पेटीत राहू द्या म्हणाले, फक्त देणाऱ्याचं पत्र जोडा.

तुझा,
सखाकाका

ता. क. तेव्हा दोन ओळी पाठव: ओट्याचा कोपरा शाळेस आनंदाने भेट. तारीख मागच्या महिन्याची टाक. तुला आनंद झाल्याचं मी तिथे सांगून बसलोय.

आणखी ता. क. त्यातच संगमरवरी उंबरठाही लिही. रूपांतरित खडक मी दुसरीकडून कुठून आणणार होतो? आलास की दारात पाय जपून टाक.