बाहेरच्या खोलीतलं जड इंग्रजी

सोमवार, ७ तारीख. संध्याकाळ.
सगळ्यांत आधी आला तो कोपऱ्यावरचा चष्मेवाला. एरवी दुकान सोडून हलायचा नाही, पण दाढ ठणकायला लागली की दुकान कसलं नि काय. त्याच्या मागोमाग रिटायर झालेले मास्तर, गालाला रुमाल लावून. मग शिंपीणबाई, मशीन अर्धवट टाकून आलेली, टेप गळ्यात तशीच. मी तिघांनाही बसा म्हटलं. ठमीने घरातच दवाखाना काढल्यापासून बाहेरच्या खोलीत बसून ‘बसा’ म्हणायचं काम माझ्याकडे आहे. ठमी म्हणजे माझी नात. जगाला दातांची डॉक्टर, मला ठमी.
एकदम तिघं बघून इतका आनंद झाला, की सकाळी शिकलेला शब्द तिथल्या तिथे वापरला. एक्स्ट्रॅक्शन. म्हणजे उपटणं. चष्मेवाल्याला म्हटलं, घाबरू नका, एक्स्ट्रॅक्शनच होणार, आणखी काय होणार? मास्तरांना तेच. शिंपीणबाईला हाताने करून दाखवलं.
चष्मेवाल्याला आठवलं की दुकानाला कुलूप लावलं नाही. मास्तरांचं दुखणं बसल्या बसल्या थांबलं. शिंपीणबाईकडे कुणीतरी कपडे न्यायला येणार होतं. बुधवारी नक्की येतो म्हणाले सगळे. बोलल्याने माणसाला आराम पडतो, ते खोटं नाही.

मंगळवार, ८. दुपार.
आता हे इंग्रजी कुठून निघालं ते लिहून ठेवते, नाहीतर मीच विसरेन. मी चौथी पास. दवाखाना सुरू झाला त्या दिवशी ठमीच्या मैत्रिणी आल्या होत्या, सगळ्या फाडफाड इंग्रजी. मी आपली हसून मान हलवत होते. एकीने काहीतरी विचारलं, मी येस म्हटलं, तर ती माझी खुर्ची उचलून घेऊन गेली. उभीच राहिले मग. तेव्हाच ठरवलं, शिकायचं. आणि शिकायचं तर जड शिकायचं. टेबल-पेन कुणालाही येतं.
ठमीनेच युक्ती सांगितली. म्हणे आजी, घोकून शब्द येत नाही, दिवसातून तीनदा वापरला की आपला होतो. ती फोनवर तिच्या कॉलेजातल्या सरांशी बोलते, मी कान देते, जेवताना अर्थ विचारते. ती बिचारी हातातला घास ठेवून समजावते. गुणाची आहे.

बुधवार, ९.
कुणी आलं नाही. तिघांनाही एकाच दिवशी काम निघालं असणार.
आजचा शब्द इर्रिव्हर्सिबल. जे झालं ते परत फिरत नाही, असा अर्थ. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून घरात वापरला. दूध उतू गेलं तेव्हा सुनेला सांगितलं, इर्रिव्हर्सिबल झालं. सून म्हणाली, आई, गॅसजवळ तुम्हीच उभ्या होतात.

शुक्रवार, ११.
मास्तर आले. बायकोने पाठवलं म्हणाले. फार कावरेबावरे दिसत होते, म्हणून धीर दिला. म्हटलं, कॉम्प्लिकेशन होतात हो, पण ती तुम्हालाच होतील असं थोडंच आहे? अनफॉर्च्युनेटली कुणालाही होतात. दोन शब्द एका दमात बसले. मास्तर म्हणाले, छत्री घरी राहिली. छत्री त्यांच्या हातातच होती. वय झालं की विसरतं माणूस. सोमवारी येतो म्हणाले.
संध्याकाळी भलतंच ऐकलं. ठमी तिच्या आईला, म्हणजे माझ्या सुनेला, सांगत होती, महिनाअखेरपर्यंत पेशंट आले नाहीत तर दवाखाना बंद. सरांचं मोठं हॉस्पिटल आहे दुसऱ्या शहरात, तिथे नोकरीला जाईन. म्हणजे घर सोडून. आत जाऊन बघितलं तर पोर पुसलेलीच हत्यारं पुन्हा पुसत होती.
उद्यापासून आलेल्या माणसाला जाऊच द्यायचं नाही. बोलण्यात गुंतवायचं.

सोमवार, १४.
मास्तर आले नाहीत. सून भाजी निवडता निवडता म्हणाली, आई, तुम्ही पेशंटला बसवायला बसता की उठवायला? वर हसलीही. मी हसले नाही. तिला इंग्रजीत फारशी गोडी नाही, म्हणून बोलली असेल.
पण मनाला लागलं. उद्यापासून जीभ आवरायची. फक्त ‘बसा’.

मंगळवार, १५. सकाळ.
फक्त ‘बसा’ म्हटलं. शिंपीणबाई बसली. मग ती पण गप्प, मी पण गप्प, भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलतंय. बरं दिसेना ते. एकच शब्द वापरला, तोही छोटा. ॲब्सेस. म्हणजे दाढेखाली पू साठून गाठ होते. किती मोठी होते ते मुठीने दाखवलं. मूठ माझी लहान आहे.
बाई गेली. घाईत टेप खुर्चीवर राहिली. फोन केला तर म्हणाली, राहू द्या आजी, घरी दुसरी आहे. ठमीला दिसू नये म्हणून टेप माझ्या कपाटात घातली, लुगड्यांखाली. ठमीने आतून विचारलं, कुणी आलं होतं का गं? मी वारा आला म्हटलं. तेव्हापासून कपाट उघडलं नाही. आंघोळ करूनही अंगावर कालचंच लुगडं आहे.

शनिवार, १९.
माझी डावी दाढ चार-पाच दिवस ठणकतेय. ठमीला सांगितलं नाही. डॉक्टरला कामात कशाला त्रास? काम नाही तिला, ते वेगळं.
खरं लिहायचं तर भीती वाटते. पूर्वी दाढ दुखली तर दाढ दुखायची. आता उशीला डोकं टेकलं की इन्फ्लेमेशन येतं, म्हणजे सूज, मग ॲब्सेस येतं, मग इर्रिव्हर्सिबल. सगळे अर्थासकट येतात. मग मनात आलं, मास्तरांनाही असंच...
छे. मास्तर शिकलेले आहेत. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या.

बुधवार, २३.
एका बाजूने चावते हे ठमीने पकडलं. हाताला धरून खुर्चीत बसवलं, वर दिवा लावला. उद्या काढायची म्हणाली. मी विचारलं, कॉम्प्लिकेशन? ती हसली. हसता हसता थांबली.
“आजी, हे शब्द तू बाहेर बसून लोकांना सांगतेस?”
तोंड उघडं होतं, म्हणून उत्तर देता आलं नाही. नंतर मिटलं तरी दिलं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता दिवा बंद केला.

गुरुवार, २४. संध्याकाळ.
काढली. कळलंसुद्धा नाही. पोरीचा हात फुलासारखा हलका आहे, हे सांगायला एकही जड शब्द लागत नाही. मला आजवर सुचलं नाही ते.
तोंडात कापूस, गाल फुगलेला, बोलायचं नाही अशी ताकीद. तरी बाहेरच्या खुर्चीत जाऊन बसले. जबाबदारी आहे. टेप मांडीवर घेतली होती.
शिंपीणबाई रस्त्याने चालली होती. काचेतून डोकावली. मी हाताने ‘बसा’ केलं. तिने माझा गाल बघितला, कापूस बघितला, आणि आत येऊन बसली. मी टेप तिच्या हातात दिली. तिने कुणाला तरी फोन केला. थोड्या वेळाने मास्तर आले, मग शटर ओढून चष्मेवाला. बसले. उठलं कुणी नाही. एकेक करून आत गेले आणि एकेक करून हसत बाहेर आले. मी मरून आले नाही हे बघून त्यांना धीर आला असणार.
ठमी हात पुसत बाहेर आली, किती दिवसांनी चेहरा फुललेला. सरांना कळवते म्हणाली, इतक्यात येत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ठमीला वाटलं, दुखतंय.
पुढची तारीख ठरवताना मास्तरांनी माझी चौकशी केली. सूज कधी उतरेल, आजी बोलायला कधी लागतील? ठमी म्हणाली, सोमवारी. मास्तरांनी चष्मेवाल्याकडे बघितलं, चष्मेवाल्याने शिंपीणबाईकडे.
मग आम्ही तिघंही रविवारीच येतो, म्हणाले.
रविवारी दवाखाना बंद असतो. ठमी म्हणाली, उघडते.