आईच्या नावाचा चमचा

२६ ऑक्टोबर
दिवसभर बटाटा. पोती वाहून खांद्याची सालटी निघाली. ही वखार सोडणार — असं दर आठवड्याला लिहितो आणि सकाळी परत पोतं!

न्वे यिनचा फोन. धाकटी बहीण, पण बोलते थोरलीसारखी. "दादा, आई आता नुसती पेज घेते. तीही दोन घोट, मग तोंड फिरवते." म्हटलं, डॉक्टर काय म्हणतो? "घरी न्या म्हणाला." फोन ठेवताना म्हणाली, "रोज तुझं विचारते. लुइन जेवला का, एवढंच."

मालकाकडं उचल मागितली, गावाला जायला. "बटाटा उतरू दे सगळा. मग जा, राहा, लग्न कर तिकडंच!" सगळे हसले. मीपण हसलो. कशाला हसलो?

२८ ऑक्टोबर
पो सेइनदादा आमचा भात रांधतो. हात चांगला, तोंड वाईट. आज परत तेच — "लुइनच्या आईची मजा आहे. बसलीय तिकडं खाडीकाठी, जेवते इथं डोंगरावर!"

मी पातेल्यातला पहिला चमचा झाकणावर काढून ठेवतो म्हणून. यांच्या घरी काय काढत नव्हते? सगळे काढायचे. घरातल्या थोरल्याला पहिलं वाढायचं, तो लांब असला तरी त्याच्या नावानं काढायचं, मग आपण. इथं आल्यावर हे विसरले. माझा हात विसरत नाही. आधी तो चमचा बाबांचा असायचा. वादळात बाबा गेले, तेव्हापासून आईचा. जेवणं झाली की वखारीतल्या कुत्रीला घालतो.

"म्हणजे कुत्री तुझी आई झाली!" पो सेइन. मारणार होतो. पण सगळ्यांचा भात त्याच्याच हातात.

३० ऑक्टोबर
जत्रेचा भोंगा गल्लीगल्लीतून फिरला. पुनवेला पॅगोड्याखाली भात खायची पैज. एका बसवाल्यानं बक्षीस ठेवलंय — यांगोनचं तिकीट, जाऊन-येऊन! तिथून गावापर्यंत होडी, तेवढे पैसे मी कसेही करीन.

नाव घातलं.

पो सेइनदादाला सांगितलं. म्हटलं आता टिंगल ऐकायची. तर त्यानं हातातला डाव खाली ठेवला. "बा चिट उतरणार आहे. बाजारातला तो हमाल. दर वर्षी तोच. माहितीय ना?" माहितीय. "तो चावत नाही रे, ओततो!" मग म्हणाला, "उद्यापासून तुला कोबी उकडून देतो. पातेलंभर. पोट ताणलं पाहिजे."

२ नोव्हेंबर
कोबी. कोबी. कोबी. पोट नगाऱ्यासारखं झालंय. सगळी वखार माझ्याभोवती बसून ओरडते — "खा रे लुइन, अजून खा!" पो सेइन पाठीवर थापा मारतो.

मधेच फोन. आईनं आज काहीच घेतलं नाही. तोंडात कोबी होता माझ्या. गिळवेना.

५ नोव्हेंबर, पुनव
हरलो.

नीट लिहितो. झोप तर येणार नाहीच.

पाळण्यांच्या बाजूला लांब टेबल. आम्ही आठ जण. प्रत्येकासमोर झाकलेलं पातेलं, बाजूला रिकामं ताट, पातळ डाळ आणि चमचा. भोंगेवाल्यानं नियम सांगितला — पातेलं आपण उघडायचं, आपण वाढून घ्यायचं, सगळं संपलं की हात वर. हात वर केला की मग काही तोंडात घालायचं नाही. शीत उरलं तर बाद.

शिट्टी. खाली मान घालून सुरू. चव नाही, काही नाही. डोळ्यांतून पाणी. बा चिट शेजारीच, बैलासारखा श्वास. मागून पो सेइनचा आवाज — "गिळ! विचार करू नको, गिळ!" मी विचार करतच नव्हतो. फक्त बस दिसत होती.

हात वर केला. पहिला! बा चिटचा हात अजून ताटात होता! वखारीतली पोरं नाचायला लागली. पो सेइननं टोपी उडवली.

भोंगेवाला आला. ताट बघितलं — चाटून पुसून साफ. पातेलं — साफ. मग म्हणाला, "आणि हे?"

झाकणावर भाताचा चमचा. मीच काढलेला, सगळ्यात आधी. कधी काढला, मला खरंच ठाऊक नाही.

तोवर बा चिटचा हात वर.

पुढं बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली. "अरे, पोरानं थोरल्यांना काढलाय तो! त्याला कसं बाद करता?" भोंगेवाल्यानं भोंगा खाली केला. हळू म्हणाला, "कळतंय रे बाबा. पण आठ जणांसमोर सांगितलं होतं."

पो सेइननं तो चमचाभर भात पानात बांधून घेतला. वखारीत आल्यावर कुत्रीला त्यानंच घातला.

६ नोव्हेंबर
पोतं उचललं नाही. मालक ओरडला. ओरडू दे.

७ नोव्हेंबर
बा चिट आला! दारात मावत नव्हता. तिकीट माझ्या खिशात कोंबलं. मी म्हटलं, जिंकलास तू. "मी जेवलो फुकटात, झालं माझं. मला यांगोनला कोण विचारतंय?" मग खाली बघत म्हणाला, "मी किती वर्षांत चमचा काढला नाही कुणाला. त्या दिवशी लाज वाटली." चहासुद्धा न घेता गेला.

बस दहा तारखेची. मालकानं तोंड वाकडं केलं, पण जा म्हणाला.

न्वे यिननं फोन आईच्या कानाला लावला. मी ओरडलो — "येतोय! तिकीट आहे!" कितीतरी वेळ नुसता श्वास. मग, "जेवलास?"

८ नोव्हेंबर
पिशवी भरली. पो सेइनदादानं आईसाठी डोंगरातला मध दिलाय. "पेजेत घाल, घशाखाली उतरेल."

९ नोव्हेंबर
न्वे यिनचा फोन. आई कशी आहे, विचारलं. मग म्हणाली, "दादा, आज भात केला. पहिला चमचा तुझ्या नावानं काढलाय."