सत्तेचाळीस नंबरचा फॉर्म

मी, शालन दशरथ ओव्हाळ, वय ६३ वर्षे, धंदा – निवृत्त प्राध्यापक, अर्थशास्त्र, राहणार हडपसर, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. परवा हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मग तीन ठिकाणी सह्या कशाला घेतल्या, ते सांगत नाहीत. शनिवार पेठेतल्या वकिलांनी टाइप करून दिलेला मसुदा मी फाडला. का, ते शेवटी येईल.

१. राहता फ्लॅट माझ्या भावाची मुलगी निकिता हिला. अट काही नाही. अभय, तू तिचा बाप असलास तरी तो विकण्याचा सल्ला देऊ नकोस.

२. पुस्तके आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेला. कुलपात ठेवणार असाल तर सरळ रद्दीत घाला.

३. विभागाने शोकसभा घेऊ नये. ज्यांनी मला पाठीमागे 'कोट्यातल्या मॅडम' म्हटले, त्यांना हार घालताना उगाच अवघडायला होईल. सदाशिव पेठेत ज्या बाईंनी आडनाव विचारून "अहो, खोली कालच गेली हो" म्हटले आणि पाटी मात्र दोन महिने तशीच ठेवली, त्यांना माफ करायचा विचार होता. केलेले नाही.

४. पत्र्याची ट्रंक. इथे पेन अडतो. तीनदा उठून पाणी पिऊन आले. तिच्यात १९८७ साली पीएच.डी.साठी मी आमच्याच बौद्ध वस्तीत भरलेले दोनशे बारा फॉर्म आहेत. विषय, स्त्रियांचा रोजगार. मी विचारायचे, "मावशी, तुम्ही काय काम करता?" मावशीच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू, बोटे विड्या वळतायत, आणि उत्तर यायचे, "काय न्हाय गं, घरीच आसते." मी लिहायचे: काही नाही. सरांनी बजावले होते, उत्तर येईल तसे लिहा, आपले मत घुसडू नका. मी हुशार विद्यार्थिनी, घुसडले नाही.

सत्तेचाळीस नंबरचा फॉर्म आमच्या घराचा. माझी फी आईच्या विड्यांतून जायची. तिच्याही नावापुढे मी लिहिले: काही नाही.

मला पदवी मिळाली. माझ्या प्रबंधातला रोजगाराचा तक्ता दाखवून एका संस्थेने वस्तीला पाळणाघर नाकारले. काम करणाऱ्या बायाच नाहीत, मग मुले कोणाची सांभाळायची? आईने प्रबंधाची प्रत नव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवली होती. तिला वाचता येत नव्हते, आणि आत काय आहे ते मी तिला कधीच सांगितले नाही. याची मला लाज वाटते.

मागच्या महिन्यात निकिता धावत आली. ती आता एम.ए. करते. "आत्या, डेव्हलपिंग कंट्रीजच्या रीडिंगमध्ये तुझं टेबल आहे! घानाच्या शेजारी आपली वस्ती! मी प्रेझेंटेशन त्याच्यावरच केलं." मी म्हणाले, "छान." तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

तर निकिता, ट्रंक तुला, पण अटीवर. ज्या मावश्या हयात आहेत त्यांच्याकडे जा. काय काम करत होता असे विचारू नकोस. दिवस कसा जायचा ते विचार. मग माझा तक्ता चुकीचा आहे, असे माझ्या नावासकट छापून आण. जुन्या फॉर्मवर खाडाखोड करायची नाही. माझे अक्षर दिसू दे.

५. आता मसुद्याचे. वकिलांच्या कारकुनाने विचारले, "मॅडम, आईंचा धंदा काय लिहू?" मी चष्मा शोधत होते. म्हणाले, "काही नाही, घरीच असायची." त्याने तसे टाइप केले. अडतीस वर्षांनी, दुसऱ्यांदा. रिक्षात बसल्यावर वाचले आणि तिथेच फाडले.

शस्त्रक्रियेतून उठले, तर कलम चार मी स्वतः पार पाडीन. माझ्या हातून झाले तर बरे.

आमच्यासमक्ष सही केली: पूर्णिमा रणपिसे, शेजारीण, सुदर्शन तुपे, औषध दुकानदार. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, म्हणूनच बोलावले.

पुणे, दि. १४ ऑक्टोबर २०२५

सही: शालन दशरथ ओव्हाळ
आईचे नाव: कै. मैनाबाई दशरथ ओव्हाळ
धंदा: विडी कामगार