टेबलावरची मोकळी जागा

३ जून, सोमवार
आले एकदाची! खोली संग्रहालयाच्या मागेच. खिडकीत ऊन, नळाला दिवसभर पाणी. आणखी काय हवं? काम म्हणजे वटवाघळांचं एक कुळ नीट लावायचं. उष्ण प्रदेशातली, किडे खाणारी, शेपटीचं टोक मागच्या पायांमधल्या कातडी पडद्यातून बाहेर डोकावणारी. जुन्या लोकांनी सगळी एकत्र कोंबलीत; आता त्यांची दोन उपकुळं करून दोन कपाटांत ठेवायची. साहेब म्हणाले, एवढं झालं की नोकरी पक्की. मग चिमणीला ताईकडून घेऊन येईन. पाच वर्षांची पोर आईवाचून किती दिवस राहणार?

६ जून
पोटात कापूस भरून वाळवलेली वटवाघळं हॉलमधल्या लांब टेबलावर मांडली. दात आणि कवट्या बघून बघून मान मोडली. यांतली काही जिवंतपणी भिंतीवर एका ओळीत बसतात म्हणे, सारखं अंतर ठेवून, प्रत्येकाची जागा ठरलेली. माझ्या सासरी एवढी शिस्त असती तर! दोन गट वेगळे केले, कुलूप लावलं आणि न जेवताच आडवी झाले.

७ जून
सकाळी गट मोडलेले. सगळी पुन्हा एका ओळीत, सारख्या अंतरावर. पहारेकरी मामांवर उखडले. ते शपथेवर म्हणाले, आपण आत पाऊलही टाकलं नाही. जाता जाता म्हणतात, "बाई, जरा झोप काढत जा. आधीच्या बाईपण अशाच दमल्या होत्या." त्या कुठे गेल्या विचारलं, तर न सांगताच गेल्या म्हणे.

१० जून
पुन्हा वेगळी केली, पुन्हा ओळ. मधे तळहाताएवढी जागा सुटलेली. एखादं हरवलं म्हणून कपाटं पालथी घातली. सगळी आहेत. वैताग आलाय.

१२ जून
किल्ली उशाशी होती. तरी जागा वाढलीय. साहेबांना काय सांगू? डोकं फिरलं म्हणतील, नोकरी जाईल. फोनवर चिमणी विचारत होती, कधी नेतेस. फोन ठेवून रडले.

१४ जून
जागा आता माणसाएवढी. हात लावायचं धाडस नाही. ताईचा फोन आला, तिला आता जमत नाही; उद्या दुपारी चिमणीला आणून सोडते. हो म्हणाले. पोर जवळ येणार, एवढंच सुचलं.

१५
पाय उचलत नाहीत. भीतीसुद्धा उरली नाही, नुसता थकवा. टेबलावर जरा टेकते—

झोप लागली होती. डोकं, खांदे, टाचा, सगळं बरोबर मावलंय. दोन्हीकडे सारखं अंतर. उठता येत नाही. वही पोटावर, बोटं तेवढी हलतात—

शेजारी ओळ सरकलीय. आणखी एक जागा. लहान.

बाहेर गाडी थांबली. मामा कुणाला तरी सांगताहेत, आई आतच आहे, जा—

आवाज फुटत नाही. चिमणे, आत येऊ न