रुपयाच्या खणातलं नाणं

प्रिय मामाजी,

'प्रिय' लिहिताना हात थोडा अडला, खोटं कशाला बोलू? शेवटच्या चार महिन्यांत तुम्ही मला काही प्रिय नव्हतात आणि मीही तुम्हाला नव्हते. तुम्हाला जाऊन वर्ष झालं. इतके दिवस लिहावंसं वाटलं नाही. आज लिहिते आहे, कारण सकाळी दारात भंगारवाला आला होता.

तुमच्या मुलानं कापसाच्या जिनिंगवर कामाला जाताना सांगितलं, बाबांचं ते चिल्लर मोजायचं मशीन देऊन टाक, गिरणीत उगाच जागा अडते. आता माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. नवऱ्याला कळला नाही एवढा सासरे असून तुम्हाला कळला होता. मी भंगारात फुटकी बादली दिली तरी आधी उलटी करून झटकते. त्यात हा भंगारवाला मशीनकडे जरा जास्तच मायेनं बघत होता. आत नाणी अडकली असतील, हे त्याला माझ्याआधी सुचलं असणार! मी त्याला बाहेरच थांबवलं, पेचकस आणला आणि मागचा पत्रा उघडला.

मग त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं. आत काय होतं ते सांगते, पण आधी माझं सगळं ऐकून घ्या. जिवंतपणी ऐकलं नाहीत.

ते मशीन तुम्ही का केलं, आठवतं? जन्मभर ओलिताच्या मोटारींची वाइंडिंग केली, म्हातारपणी ही पिठाची गिरणी टाकली आणि तेवढ्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका बाईला तुम्ही दोनच्या जागी पाच रुपये परत दिलेत. तिनं ते सगळ्यांदेखत हसत हसत परत केले. तुम्ही दुपारी जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी एसटीनं यवतमाळला जाऊन पिशवीभर सामान घेऊन आलात.

बंद पडलेल्या डीव्हीडीतली मोटर, चार स्वस्तातले कॅल्क्युलेटर, तारा, प्लायवुडचे तुकडे. उतरत्या पट्टीला चार फटी पाडल्यात: पहिली आठ आण्यांची, मग पाचाची, मग रुपयाची, शेवटी दोनाची. लहान नाणं आधीच्या फटीत पडायचं, मोठं पुढे घरंगळायचं. प्रत्येक खणाच्या तोंडाशी एक पातळ पात होती. नाणं पडताना पात टेकली की त्या खणाचा कॅल्क्युलेटर आपोआप पुढचा आकडा दाखवायचा. मोजणाऱ्याला काही बघावंच लागणार नाही, शेवटी आकडा तेवढा नाकाजवळ धरून वाचायचा. केवढी अक्कल होती तुमच्यात, मामाजी!

आणि तारा जोडायला कथलाचे डाग कोणी दिले? मी. तुम्हाला बारीक तार दिसत नव्हती. तुम्ही बोटानं चाचपून जागा दाखवायचात आणि मी डाग द्यायची. दोनदा हात भाजला. तुम्ही म्हणालात, माझ्या हाताखाली दहा पोरं शिकली, पण असा डाग एकाला जमला नाही. लग्न होऊन सात वर्षं झाली होती, एवढं कौतुक या घरात माझं पहिल्यांदाच झालं. म्हणजे बघा, पुढे ज्या मशीननं मला चोर ठरवलं, त्याचे सगळे सांधे माझ्याच हातचे.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. मग कापसाचा भाव पडला. ज्या बाया डबाभर ज्वारी आणायच्या त्या दोन-दोन किलो आणू लागल्या. नोट कुणाच्या हातात दिसेना, सगळी चिल्लर. मी दळण तोलायची, वहीत लिहायची, नाणी कुलपाच्या डब्यात टाकायची. संध्याकाळी तुम्ही डबा उघडून मशीन चालवायचात आणि नाण्यांच्या पुड्या बांधायचात; त्या गावातला किराणावाला नोटा देऊन न्यायचा. खणांना कुणी हात लावलेला तुम्हाला खपायचं नाही.

आणि मग वहीचा आकडा मशीनशी जुळेना.

आधी दिवसाला चार-पाच रुपयांचा फरक. तुम्ही म्हणालात, लिहिताना चुकली असशील. मग दहा, मग पंधरा. महिन्यामहिन्यानं वाढतच गेला. चोर धीट होत चालला, असं तुम्ही कुणाचं नाव न घेता म्हणायचात, आणि म्हणताना तोंड माझ्याकडे असायचं. डब्याच्या फटीपाशी दिवसभर मीच तर बसायची!

एका संध्याकाळी मी तुमच्यासमोर पदराची गाठ सोडली, कमरेचा बटवा उलटा केला. त्यातून सुपारी पडली आणि एक सेफ्टी पिन. तुम्ही मान फिरवलीत. म्हणालात, "मशीन खोटं बोलत नाई, सुनबाई. मानूस बोलते."

ते वाक्य मी गिळलं, पण पचलं नाही. त्याहून वाईट म्हणजे त्या रात्री तुमच्या मुलानं मला हळूच सांगितलं, "घेतले असशीन तं सांगून दे. मी बाबाले नाई सांगत." किती मऊ आवाजात बोलला होता! मी रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडले.

मीही काही संत नव्हे. मला तुमच्या मुलाचाच संशय आला. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी रोजची, आणि पगार तर रडतखडत. मी त्याचे खिसे तपासले. घरातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या हाताकडे बघायला लागला. तुमचासुद्धा संशय घेतला मी. वाटलं, म्हातारबाबा स्वतःच बाजूला काढतात आणि मला घालवायला निमित्त शोधतात.

मग यवतमाळला शिबिरात तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी आले नाही. मुद्दाम आले नाही, हे आज कबूल करते. पट्टी निघाल्यावर तुम्ही घरी आलात आणि गिरणीत खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत राहिलात. दळण तोलताना, झाडताना, कुणाशी बोलताना, सारखं बघणं. मनात म्हटलं, आता नवा डोळा आला, आता पाळत ठेवतील. मी तुमच्याकडे पाठ करून बसायला लागले.

त्याच आठवड्यात तुम्ही मला घाटंजीच्या आठवडी बाजारातून काळी चिकटपट्टी आणायला सांगितलीत, तारांना गुंडाळतात ती. काळी नव्हती, मी लाल आणली. तुम्ही कुरकुरलात, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही डब्याची चाबी माझ्यापुढे धरलीत.

"हे चाबी आता तुह्यापाशी ठेव," म्हणालात. "हातानं मोजत जाय. मशीनचं काई खरं नाई."

मामाजी, मला तो टोमणा वाटला! चार महिने मशीनची शपथ वाहणारा माणूस एका सकाळी असं म्हणतो, तर त्याचा अर्थ दुसरा काय घ्यायचा? घे, आता उघडउघड घे, असंच मला ऐकू आलं. मी म्हटलं, "कायले? तुमचं मशीन हाय ना मोजाले." आणि चाबी तुमच्या खाटेवर टाकली.

तुम्ही ती उचललीत. नेऊन गिरणीच्या दारामागच्या खिळ्याला अडकवलीत. पुढचे पाच दिवस आपण चहा आणि जेवण एवढंच बोललो. सहाव्या दिवशी पहाटे तुमच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत तुम्ही गेला होतात. पुढच्या बाजाराचा दिवसही उजाडला नाही.

लोक म्हणाले, सून चांगली रडली. मी कशासाठी रडत होते, हे त्यांना कुठे माहीत? मला चोर समजत गेलात, म्हणून रडत होते.

आता आजचं सांगते. मागचा पत्रा काढला तर रुपयाच्या खणाच्या तारा कापलेल्या होत्या. माझा डाग तसाच ठेवून त्याच्या पुढे तार तोडलेली आणि टोकांना लाल पट्टी गुंडाळलेली. आणि खणात त्याच लाल पट्टीनं एकमेकांना चिकटवलेली दोन नाणी होती. एक जुना रुपया. दुसरं नाणं दोन रुपयांचं, रुपयाची नवी खूण आली तेव्हा निघालेलं.

मी ती बोटांत फिरवली. कडेला कड जुळत होती. केसाइतकाही फरक नव्हता.

मग माझ्या बटव्यातली नाणी पट्टीवर एकेक सोडून बघितली. दोनाचं नवं नाणं रुपयाच्या खणात पडलं. नवा रुपया जुन्यापेक्षा लहान, तो आठ आण्यांत गेला. तुम्ही फटी पाडल्यात जुन्या नाण्यांच्या मापानं, आणि सरकारनं मापच बदललं! गावात नवी नाणी जसजशी वाढत गेली तसतसा आपला चोर धीट होत गेला. एकही नाणं कुठे गेलं नव्हतं. तुमच्या पुड्यांत होती सगळी, रुपयाच्या पुडीत दोनाची आणि आठ आण्यांच्या पुडीत रुपयाची. आता कळलं, तो किराणावाला दर आठवड्याला स्वतः होऊन चिल्लर न्यायला का यायचा आणि शंभराची पुडी उघडून मोजतानासुद्धा का हसायचा. त्याच्याकडे मी जाणारच आहे.

पण खरी गोष्ट ती नाही. लाल पट्टी घरात आली बाजाराच्या दिवशी आणि चाबी तुम्ही दिलीत दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे नव्या डोळ्यानं तुम्ही खणात बघितलं होतं, तारा कापल्या होत्या आणि मग माझ्याकडे आला होतात. मशीनचं काही खरं नाही, हे तुम्ही खरंच सांगत होतात. आणि त्याआधी जे बघत बसायचात, ती पाळत नव्हतीच का हो? काय बघत होतात? कसं सांगावं ते शोधत होतात का?

मग सरळ का नाही बोललात? 'सुनबाई, मी चुकलो.' तीन शब्द. मोटारींची वाइंडिंग करणाऱ्या माणसाला एवढं जड जावं? तुमच्या मुलाला तरी सांगायचं होतं, त्याच्या मनातून तरी माझं नाव निघालं असतं. माझा राग अजून आहे, मामाजी. फक्त त्यातला अर्धा आता माझ्याकडे वळला आहे. तुम्ही चाबी घेऊन आला होतात, आणि मी थांबून एकदा विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी तुमचा मुलगा आला की ही नाण्यांची जोडी त्याच्या ताटाशेजारी ठेवणार आहे. पट्टीवरून नाणं त्यालाच सोडायला लावीन.

मशीन भंगारात जाणार नाही. नव्या मापाच्या फटी मी पाडीन, डाग द्यायला तर मला येतंच. आणि एक वचन देते. संशय सोडीन असं म्हणत नाही, ते मला जमणार नाही आणि तुम्हालाही पटणार नाही. पण यापुढे कुणी काही हातात ठेवलं, तर मनातल्या मनात निकाल देण्याआधी एकदा विचारीन आणि उत्तर येईपर्यंत तिथेच उभी राहीन.

तुम्ही अडकवलेली चाबी वर्षभर त्याच खिळ्यावर होती. मी नवा उघडा डबा आणला, पण तिला हात लावला नाही. तिच्यावर पिठाचा थर बसला होता. आज ती काढली, पुसली आणि पदराला बांधली.

तुम्ही दिलीत, मी घेतली.

तुमची सून,
वनिता